कोळशाचा पैसा अडवायचा असेल तर: बँका, विमा कंपन्या आणि फंडांवर दबाव कसा आणायचा

खाणीच्या फाटकावर घोषणा देणारे लोक लागतात, तसे बँकेच्या धोरणातला एक शब्द बदलेपर्यंत चिकटून बसणारेही लागतात. हा लेख दुसऱ्या प्रकारच्या लोकांसाठी आहे. या कामात ऊन कमी लागतं, कागद मात्र भरपूर.

कोळशावरचं वीज केंद्र सहसा कुणी स्वतःच्या खिशातून उभारत नाही. अशा प्रकल्पात साधारण ७० ते ८० टक्के रक्कम कर्जाची असते, आणि विम्याशिवाय कर्ज देणारा पुढे येत नाही. केंद्र एकदा सुरू झालं की ३०-४० वर्षं चालतं. कर्ज फेडायचं म्हणून ते चालवावंच लागतं, मग बाहेर कुणी कितीही ओरडो. निर्णयाची खरी वेळ पहिली वीट बसण्याआधीची असते. त्या वेळी टेबलाभोवती बँकर, विमेवाले आणि गुंतवणूकदार बसलेले असतात. आपल्याला त्या टेबलापर्यंत पोचायचंय.

हे जमतं का? फ्रान्समध्ये ल्युसी पँसाँ यांनी जमवलं. देशातल्या तीन सर्वांत मोठ्या बँकांच्या त्या मागे लागल्या, त्यांना नव्या कोळसा प्रकल्पांचा पतपुरवठा सोडायला लावला आणि मग विमा कंपन्यांकडे वळल्या. २०२० मध्ये त्यांना युरोपसाठीचा गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. त्यांच्या कामातून शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे क्रम: आधी प्रकल्प, मग कंपनी, मग विमा.

१. पैसा कोणत्या वाटेनं येतो ते समजून घ्या

नवखे कार्यकर्ते इथेच घसरतात. ‘बँक कोळशाला कर्ज देते’ एवढं म्हणून भागत नाही, कारण वाटा अनेक आहेत. एक, ठरावीक प्रकल्पासाठीचं कर्ज, ज्याला या धंद्यात प्रोजेक्ट फायनान्स म्हणतात. दोन, कंपनीला दिलेलं सर्वसाधारण कर्ज, ज्यावर ‘कोळसा’ हा शब्दही नसतो. तीन, कंपनीचे कर्जरोखे बाजारात विकून देणं. यात बँकेचा स्वतःचा पैसा फारसा अडकत नाही, ती दलाली घेऊन मोकळी होते. चार, शेअर आणि रोखे बाळगणारे पेन्शन फंड आणि म्युच्युअल फंड. पाच, विमा आणि पुनर्विमा, म्हणजे विमा कंपन्या स्वतःची जोखीम वाटून घेण्यासाठी काढतात तो विमा.

बँका जाहीरपणे पहिली वाट बंद करतात, कारण ती सर्वांना दिसते. खाण कंपन्यांना आणि वीज कंपन्यांना मिळणारा मोठा पैसा दुसऱ्या आणि तिसऱ्या वाटेनं जातो. ‘आम्ही एकाही नव्या कोळसा केंद्राला कर्ज दिलेलं नाही’ हे वाक्य शब्दशः खरं असू शकतं, आणि त्याच महिन्यात तीच बँक ते केंद्र बांधणाऱ्या कंपनीचे रोखे विकत असू शकते.

२. नावं काढा, तक्ता बांधा

सुरुवात कंपनीच्या वार्षिक अहवालापासून करा. पुढची रंगीत पानं, झाडं लावणाऱ्या मुलांचे फोटो, अध्यक्षांचं मनोगत, हे सगळं ओलांडून मागे आर्थिक पत्रकांच्या टिपांकडे जा. ‘कर्जे’ या टीपेत कुणाकडून किती घेतलं, व्याज काय, फेड कधी, हे कमीजास्त तपशिलात सापडतं. रोख्यांचं माहितीपत्रक मिळालं तर पहिलं पान बघा. खालच्या बाजूला बँकांची नावं ओळीनं छापलेली असतात. तेच रोखे विकणारे. अनेक देशांत कंपनीनं मालमत्ता तारण ठेवली की त्याची नोंद कंपनी निबंधकाकडे होते, आणि ती पाहता येते. शेअर बाजाराला दिलेल्या सूचनाही चाळा.

सगळं शून्यातून करायची गरज नाही. जर्मनीतली उर्गेवाल्ड ही संस्था २०१७ पासून ‘ग्लोबल कोल एक्झिट लिस्ट’ काढते. कोणती कंपनी किती कोळसा काढते, जाळते आणि विस्तार करतेय का, हे त्यात मिळतं. बँकट्रॅक ही संस्था २००३ पासून बँकांच्या मागावर आहे. ‘बँकिंग ऑन क्लायमेट केऑस’ हा वार्षिक अहवाल मोठ्या बँकांचे आकडे मांडतो. ब्लूमबर्गसारखे विदासंच महाग असतात. विद्यापीठात कुणी ओळखीचं असेल तर त्यांच्या ग्रंथालयातून वाट निघते.

तक्त्यात एवढे रकाने ठेवा: कंपनी, व्यवहाराची तारीख, रक्कम, प्रकार, बँकेची भूमिका, मुदत संपण्याची तारीख, आणि ही माहिती कोणत्या कागदाच्या कितव्या पानावर आहे. शेवटचे दोन रकाने लोक आळसानं गाळतात. मुदतीचा रकाना म्हणजे तर सोनं. दिलेलं कर्ज मधेच काढून घेणं बँकेला कायद्यानं आणि व्यवहारानं जड जातं, पण मुदत संपल्यावर नव्यानं न देणं तिला सहज शक्य असतं. म्हणून मोहीम मुदतीच्या दीड-एक वर्ष आधी सुरू करायची. पुढच्या महिन्यात फेड आहे आणि तुम्ही आज पत्र लिहिताय, तर नूतनीकरणाची बोलणी कधीच उरकलेली असतात.

आकड्यांबाबत एक ताकीद. दहा बँकांनी मिळून ५० कोटी डॉलरचं कर्ज दिलं असेल, तर एका बँकेच्या नावावर ५० कोटी लिहू नका. प्रत्येकीचा वाटा माहीत नसेल तर ‘५० कोटींच्या कर्जात सहभागी’ एवढंच लिहा. एक आकडा चुकला की बँकेचा प्रवक्ता त्या एका आकड्यावर बोलतो आणि बाकी नव्वद बरोबर आकडे हवेत जातात.

३. धोरण वाचा, पण वकिलासारखं

माझ्या मते सगळी लढाई इथे आहे. समजा एखाद्या बँकेनं लिहिलंय:

‘आम्ही नवीन औष्णिक कोळसा वीज प्रकल्पांना थेट प्रकल्प-कर्ज देणार नाही.’

वृत्तपत्रात मथळा येतो: बँकेनं कोळसा सोडला. आता एकेक शब्द उचलून बघा. ‘नवीन’ म्हणजे काय? जुन्या केंद्रात चौथा संच बसवला तर तो नवीन की विस्तार? ‘औष्णिक’ म्हटलं की पोलादासाठीचा कोकिंग कोळसा बाहेर राहिला. ‘वीज प्रकल्प’ म्हटलं, मग खाणीचं काय, कोळशासाठीच बांधलेल्या बंदराचं आणि रेल्वेमार्गाचं काय? ‘थेट प्रकल्प-कर्ज’ म्हटलं की दुसरी आणि तिसरी वाट मोकळी. एका वाक्यात चार दारं उघडी आहेत.

प्रत्यक्षातली उदाहरणं याहून बोलकी आहेत. एचएसबीसीनं एप्रिल २०१८ मध्ये नव्या कोळसा केंद्रांना नकार जाहीर केला, पण बांगलादेश, इंडोनेशिया आणि व्हिएतनाम यांना अपवाद ठेवला. म्हणजे जिथे नवी केंद्रं येऊ घातली होती, नेमके तेच देश. जी-७ देशांनी २०२१ मध्ये परदेशी कोळसा केंद्रांना सरकारी मदत थांबवायचं ठरवलं तेव्हाही ‘उत्सर्जन न रोखलेल्या’ असं विशेषण होतं. रोखलं म्हणजे किती रोखलं, यावर वर्षानुवर्षं वाद घालता येतो.

उलट, नेमका शब्द काय करू शकतो हे ऑस्ट्रेलियातल्या वेस्टपॅक बँकेच्या एप्रिल २०१७ च्या धोरणात दिसतं. बँकेनं म्हटलं, नव्या खाणींना कर्ज फक्त सध्या उत्पादन चालू असलेल्या कोळसा-खोऱ्यांत (कोळशाचे साठे असलेल्या पट्ट्यांत), आणि तेही कोळसा किलोमागे किमान ६,३०० किलोकॅलरी उष्णता देणारा असेल तरच. कुठल्याही कंपनीचं नाव घेतलेलं नव्हतं. पण क्वीन्सलँडमधली अदानी समूहाची कारमायकल खाण नव्या खोऱ्यात होती आणि तिचा कोळसा त्या दर्जाचा नव्हता. एका परिच्छेदात दार बंद.

टक्केवारीच्या मर्यादाही तपासा. नॉर्वेच्या संसदेनं २०१५ मध्ये सरकारी पेन्शन फंडासाठी ठरवलं: ज्यांचं ३० टक्के किंवा जास्त उत्पन्न औष्णिक कोळशातून येतं त्या कंपन्या बाहेर. चांगलंच होतं. पण अवाढव्य कंपनी लोखंड, तांबं, तेल असं बरंच काही विकत असेल तर कोट्यवधी टन कोळसा काढूनही ती ३० टक्क्यांच्या आतच राहते. म्हणून २०१९ मध्ये दुसरी पट्टी लावली गेली: वर्षाला २ कोटी टनांहून जास्त कोळसा किंवा १०,००० मेगावॅटहून जास्त कोळसा-वीज क्षमता असेल तरीही बाहेर. तुमच्या मागणीत दोन्ही पट्ट्या हव्यात, टक्क्यांची आणि टनांची.

४. मागणी एका वाक्यात लिहा

‘पृथ्वी वाचवा’ ही मागणी नाही. मागणी अशी हवी की बँकेतल्या कारकुनानं वाचून ‘हे आपण करतो’ किंवा ‘करत नाही’ एवढं सांगता यावं. उदाहरणार्थ:

‘नव्या कोळसा खाणी, कोळसा केंद्रं किंवा कोळशाच्या वाहतुकीच्या सोयी उभारणाऱ्या कोणत्याही कंपनीला कर्ज, रोखे-विक्री, गुंतवणूक वा विमा यांपैकी कोणतीही नवी सेवा आजपासून देणार नाही, असं संचालक मंडळानं जाहीर करावं.’

दुसरी मागणी बाहेर पडण्याच्या तारखेची. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेनं मे २०२१ मध्ये २०५० च्या निव्वळ शून्य उत्सर्जनाचा जो मार्ग आखला, त्यात नव्या कोळसा खाणींना जागाच नाही. उत्सर्जन न रोखणारी कोळसा केंद्रं प्रगत देशांत २०३० पर्यंत आणि जगभर २०४० पर्यंत बंद व्हायची आहेत. ही संस्था काही पर्यावरणवाद्यांची नाही, म्हणून बँकरसमोर तिचं नाव जास्त चालतं.

‘आत्ताच्या सगळ्या कर्जांतून उद्या बाहेर पडा’ ही मागणी मी टाळतो. एक बँक घाईनं बाहेर पडली की तोच व्यवहार कमी बोलणाऱ्या, कुणालाच उत्तर न देणाऱ्या मालकाकडे जातो, आणि खाण तशीच चालू राहते. आधी ‘नवीन नको’, मग तारीख, मग जुन्या कर्जांचं काय, हा क्रम टिकतो. आणि मागणीत कामगारांसाठी एक ओळ असू द्या. जिथे तीन पिढ्या खाणीवर जगल्या तिथे फक्त ‘बंद करा’ म्हणणाऱ्याला कुणी दारात उभं करत नाही. वीज कुठून आणणार, हा प्रश्न पहिल्याच बैठकीत येईल. उत्तर तयार ठेवून जा.

५. पायऱ्या चढत जा

पहिलं पत्र सभ्य असावं, एका पानाचं, नावानिशी पाठवलेलं: मुख्य कार्यकारी अधिकारी, जोखीम विभागाचे प्रमुख आणि शाश्वतता विभाग. त्यात तक्त्यातले तीन व्यवहार, वरची मागणी आणि उत्तराची तारीख. बस. तारीख उलटली की दुसरं पत्र, त्यात पहिल्याची प्रत. ‘आम्ही संपर्क साधला होता, उत्तर आलं नाही’ हे पुढे पत्रकारांना सांगताना ही पत्रं कामी येतात.

बैठक मिळाली तर तिघांनी जा. एकानं बोलायचं, एकानं लिहून घ्यायचं, एकानं गप्प बसून समोरच्यांचे चेहरे वाचायचे. कोणत्या प्रश्नावर जोखीमवाला जनसंपर्कवाल्याकडे बघतो, तिथे काहीतरी आहे असं समजा.

मग वार्षिक सर्वसाधारण सभा. अनेक देशांत एक शेअर असला तरी आत जाता येतं, नाहीतर कुणाचं तरी प्रतिनिधीपत्र घ्या. माईक हातात येतो तेव्हा दीड-दोन मिनिटं मिळतात, मागून कुणीतरी ‘प्रश्न विचारा, भाषण नको’ म्हणत असतो आणि तळहाताला घाम येतो. म्हणून प्रश्न कागदावर लिहून न्या, आणि हो-नाहीत उत्तर यावं असा: ‘अध्यक्ष महोदय, आपल्या धोरणाच्या चौथ्या परिच्छेदातली बंदी रोखे-विक्रीला लागू होते का?’ अध्यक्ष म्हणतील, ‘आमचे सहकारी आपल्याशी नंतर बोलतील.’ तिथेच विचारा, कोणते सहकारी, कधीपर्यंत. हे इतिवृत्तात येतं.

ठराव मांडणं ही त्यापुढची पायरी. जपानमधल्या किको नेटवर्कनं २०२० मध्ये मिझुहो या बँकसमूहापुढे हवामानाबाबतचा ठराव ठेवला. तिथे असा ठराव कंपनीच्या नियमावलीतला बदल म्हणून मांडावा लागतो आणि मंजुरीला दोन-तृतीयांश मतं लागतात. तो मंजूर होणार नाही हे सर्वांना ठाऊक होतं. तरी सुमारे ३४ टक्के मतं पडली. एक-तृतीयांश मालक आपल्या विरोधात गेले, ही गोष्ट कुठल्याही संचालक मंडळाची झोप उडवते. ठरावाआधी मोठ्या गुंतवणूकदारांना एकेक करून भेटा. मतं सभेत मिळत नाहीत, आधीच्या तीन महिन्यांत मिळतात.

बँकेवर दबाव आणणारे फक्त ग्राहक नसतात, तिचे स्वतःचे सावकारही असतात. कारमायकल खाणीसाठी भारतीय स्टेट बँकेचं १०० कोटी डॉलरपर्यंतचं कर्ज २०१४ पासून चर्चेत होतं. नोव्हेंबर २०२० मध्ये सिडनीच्या मैदानावर भारत-ऑस्ट्रेलिया सामना चालू असताना एक निदर्शक त्या कर्जाविरुद्धचा फलक घेऊन खेळपट्टीजवळ पोचला. चित्र जगभर गेलं. पण त्याच दिवसांत अमुंडी या फ्रेंच गुंतवणूक कंपनीनं जाहीर केलं की हे कर्ज दिलं तर स्टेट बँकेचे हरित रोखे (पर्यावरणपूरक कामांसाठी पैसा उभारणारे कर्जरोखे) आम्ही विकून टाकू. फलकानं लोकांचं लक्ष वेधलं, रोख्यांनी बँकेच्या खजिन्याचं. दोन्ही एकाच आठवड्यात घडवता आलं तर उत्तम.

विमा कंपन्यांकडे कार्यकर्ते उशिरा वळले, २०१७ च्या सुमारास, आणि मग गाडी भराभर पुढे गेली. ॲक्सानं २०१७ मध्ये, ॲलियान्झ आणि स्विस री यांनी २०१८ मध्ये कोळशाच्या विम्यावर निर्बंध घातले. याचं एक कारण साधं आहे: कर्ज पंधरा वर्षांचं असतं, विमा बहुतेकदा दर वर्षी नवा होतो. म्हणजे दर वर्षी ‘नाही’ म्हणायची संधी.

ग्राहकांची ताकद वापरायची तर सावकाश आणि मोजून वापरा. अमेरिकेतल्या क्वेकर पंथाच्या एका गटानं डोंगरमाथे उडवून कोळसा काढणाऱ्या कंपन्यांच्या कर्जावरून पीएनसी बँकेला धरलं. शाखांमध्ये जाऊन ते शांत बसत, प्रार्थना करत, खाती बंद करत. सुमारे पाच वर्षं. मार्च २०१५ मध्ये बँकेनं धोरण बदललं. खातं बंद करणार असाल तर एकट्यानं गुपचूप करू नका. शंभर जणांनी एकाच दिवशी करा आणि कारण लेखी द्या, नाहीतर बँकेला कळतच नाही की तुम्ही का गेलात.

६. तक्रारीचे औपचारिक दरवाजे

हे हळू उघडतात, पण उघडतात. ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या आर्थिक संघटनेच्या सदस्य देशांत ‘राष्ट्रीय संपर्क केंद्र’ असतं, तिथे बहुराष्ट्रीय बँकांविरुद्ध तक्रार करता येते. नेदरलँड्समध्ये चार संस्थांनी मे २०१७ मध्ये आयएनजी बँकेविरुद्ध अशी तक्रार केली. अंतिम निवेदन एप्रिल २०१९ मध्ये आलं, पण त्याआधीच, डिसेंबर २०१७ मध्ये, बँकेनं २०२५ पर्यंत कोळसा-विजेतून जवळपास पूर्ण बाहेर पडायचं जाहीर केलं होतं. जागतिक बँक समूहातल्या आयएफसीसाठी, म्हणजे खासगी कंपन्यांना पैसा पुरवणाऱ्या शाखेसाठी, स्वतंत्र तक्रार कार्यालय आहे. फिलिपिन्सच्या लोकांनी २०१७ मध्ये तिथे दाद मागितली, आणि मुद्दा असा होता की आयएफसीनं थेट नव्हे तर एका स्थानिक बँकेमार्फत कोळशाला पैसा पुरवला. मधल्या बँकेआड लपलेला पैसाही तक्रारीत पकडता येतो.

७. जागेवरच्या लोकांशिवाय हे करू नका

केनियात लामू इथे १,०५० मेगावॅटचं कोळसा केंद्र यायचं होतं. स्थानिक लोक न्यायाधिकरणात गेले. जून २०१९ मध्ये लोकसहभाग नीट झाला नाही म्हणून परवाना रद्द झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आफ्रिकन विकास बँकेनं पैसा देणार नसल्याचं सांगितलं आणि २०२० मध्ये चीनची आयसीबीसी ही बँक बाहेर पडली. बँकेला नैतिकतेपेक्षा अडकलेला परवाना पटकन समजतो. तो अडकवणारी माणसं मात्र त्या किनाऱ्यावर राहतात, धोकाही तीच उचलतात. त्यांचं नाव, फोटो, म्हणणं त्यांना विचारल्याशिवाय वापरू नका.

८. ही चूक करू नका

जानेवारी २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका तरुण कार्यकर्त्यानं एएनझेड बँकेच्या नावानं खोटं प्रसिद्धिपत्रक पाठवलं: व्हाइटहेवन कंपनीच्या मॉल्स क्रीक खाणीचं १२० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचं कर्ज बँकेनं रद्द केलंय. काही वेळ शेअर कोसळला, ३० कोटी डॉलरहून जास्त बाजारमूल्य पुसलं गेलं, मग बनाव उघड झाला आणि भाव परत चढला. त्याच्यावर खटला चालला. २०१४ मध्ये शिक्षा झाली, सुदैवानं तुरुंगात राहावं लागलं नाही. धाडसाचं कौतुक करणारे आजही आहेत. मला वाटतं, त्या गदारोळात सगळेजण पत्रकावर बोलत राहिले आणि कर्जावर कुणीच बोललं नाही. बाजारभावाशी खेळू नका. खऱ्या कागदांत पुरेसं असतं.

दुसरी, कमी चर्चिलेली चूक: सगळ्या बँकांना ‘एकत्र येऊन कोळशावर बहिष्कार टाका’ असं लिहिणं. नोव्हेंबर २०२४ मध्ये टेक्सससह अमेरिकेतल्या काही राज्यांनी ब्लॅकरॉक, व्हॅनगार्ड आणि स्टेट स्ट्रीट या बड्या गुंतवणूक कंपन्यांवर संगनमतानं कोळसा उत्पादन घटवल्याचा खटला भरला. नेट-झिरो बँकिंग अलायन्स ही बँकांची आघाडी ऑक्टोबर २०२५ मध्ये बंदच झाली. म्हणून प्रत्येक बँकेला स्वतंत्र पत्र, तिच्या स्वतःच्या जोखमीवर बोट ठेवणारं. आणि शाखेतल्या खिडकीमागच्या माणसावर आवाज चढवू नका. त्यानं काहीही ठरवलेलं नसतं.

९. जाहीर झाल्यानंतर

कारमायकलचा शेवट कुणाला विजय वाटतो, कुणाला हार. एकामागून एक बँका दूर गेल्या. नोव्हेंबर २०१८ मध्ये कंपनीनं स्वतःच्या पैशानं खाण काढायचं जाहीर केलं, आणि वर्षाला ६ कोटी टनांचा आराखडा सुरुवातीला १ कोटी टनांवर आला. खाण झाली, पण बरीच लहान आणि कित्येक वर्षं उशिरा. मी याला अर्धं काम म्हणेन, आणि अर्धं काम किती टनांचं ते वरच्या आकड्यांत आहे.

धोरण जाहीर झालं त्या दिवशी त्याची पीडीएफ उतरवून तारखेसह जपून ठेवा, कारण संकेतस्थळावरची प्रत गुपचूप बदलते. वर्षभरानं नवी आली की दोन्ही शेजारी ठेवून ओळ न ओळ वाचा. ‘देणार नाही’चं ‘सहसा देणार नाही’ झालेलं दिसलं, तर तक्ता पुन्हा उघडा आणि मुदतीच्या रकान्यात पुढची तारीख कोणती आहे ते बघा.